धरमपेठेतलं जड शटर

धरमपेठ, नागपूर
१२ जानेवारी २०२५

ती. भागीरथाताईस,
मारोतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ही गोष्ट ओरडून सांगायची नाही, म्हणून पत्र. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान मी पाडव्याला बंद करतो आहे. पोरगा सौरव पुण्याची नोकरी सोडून दुकानात बसणार नाही. शामलाला अजून सांगितलेलं नाही.

हातातली ताकद गेली, ताई. वर्षभरापासून सकाळी शटर उचलताना गुडघ्यापाशी एकदा, कमरेपाशी एकदा थांबून दम घेतो. डोक्यावर गेलं की लाकडी बल्लीचा टेकू लावतो, खाली आलं तर परत उचलवणार नाही. शेजारचे झेरॉक्सवाले चंपतराव बघत असले तर मोबाइलवर बोलायचं सोंग करतो. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. त्यांना कुठे शटर उचलायचं आहे! सदुसष्ट झाली, पुरे. जरीपटक्याच्या शिवणकामवाल्या बायकांना दुरुस्तीला टाकलेल्या मशिनी घेऊन जायला सांगूनही टाकलं. आपलं आपल्याला कळलं पाहिजे.

लोभ असू दे, चिडू नकोस.
तुझा
मारोती


यवतमाळ
१८ जानेवारी

चि. मारोतीस,
अनेक आशीर्वाद.

चिडू नकोस म्हणतोस? वाचताना हातातला चहा सांडला. तुझ्या भाऊजींच्या शटरच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली, कान त्यातच गेले. तुझं शटरही त्यांनीच बसवलेलं. लोकांच्या मशीनचा पट्टा सैल झाला तर तुला दारातून कळतं, आणि स्वतःच्या डोक्यावर काय चाललंय ते वर्षभर दिसू नये?

अरे, शटर माणूस उचलत नाही. वरच्या पाइपावर स्प्रिंगा असतात, त्या उचलतात. माणूस नुसता हात लावतो. त्या थकल्या की सगळा भार हातावर येतो. शटर कमरेपर्यंत ने, बाजूला उभा राहा आणि सोड. स्प्रिंग धड असेल तर तिथेच थांबेल. धाडकन आलं तर गेली समज. तिरकं चालतं का, एक बाजू पुढे आणि एक मागे? वर जाताना कटकट वाजतं का? तेल ओतून काही होणार नाही. आणि वरचा स्प्रिंगांचा डबा स्वतः उघडायची हुशारी करू नकोस, त्या स्प्रिंगेत पीळ भरलेला असतो, हात मोडून ठेवील. मिस्त्री बोलाव.

बल्लीच्या भरवशावर दुकान चालवतोस आणि शामला त्या शटरखालून तुझं जेवण घेऊन येते, काही वाटतं का रे? म्हणे पाडव्याला दुकान बंद करतो! आधी वर बघ.

शामलाला पूर्ण आशीर्वाद, तुला पत्राचं उत्तर येईपर्यंत अर्धेच.
तुझी
ताई


धरमपेठ, नागपूर
२७ जानेवारी

ती. ताईंस,
शामलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांच्या उशीच्या अभ्र्यात सापडलं. दुकान बंद होणार, हे मला असं कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी कधी संतापले नव्हते.

शटर सोडून पाहिलं का, तर नाही. पत्र येऊन आठवडा होत आला! मी विचारलं की काहून नाही पाह्यलं. आधी म्हणाले वेळ नाही, मग म्हणाले ताईले काय समजते. मी पिच्छा सोडला नाही. शेवटी हळूच म्हणाले की शटर सोडलं आन् ते तिथंच थांबलं, त मंग मीच खराब झालो ना वं.

ताई, अशा माणसावर रागवावं तरी कसं? मला रडूच आलं. डोळे पुसले आणि यांना न विचारता सीताबर्डीच्या मिस्त्रीला फोन केला. उद्या येतो आहे. काय झालं ते यांनाच लिहायला लावते.

तुमची माया आहे तशी राहू द्या.
आपली
शामला


धरमपेठ, नागपूर
२९ जानेवारी

ती. ताईस,
मारोतीचा शि. सा. न., या वेळी जरा जास्तच वाकून.

दोनपैकी एक स्प्रिंग तुटून डब्यात पडली होती, दुसरी लुळी झालेली. आता नव्या दोन्ही बसल्या. शटर एका हातानं वर जातं. सकाळपासून सात वेळा उघडलं आणि लावलं. चंपतराव विचारायला आले की दुकान चालू आहे का बंद. चालू आहे म्हटलं. पाडव्यालाही चालू राहील. जरीपटक्याच्या बायकांना आता कोणत्या तोंडानं परत बोलवू, हे मात्र तूच सांग. दोघी तर दुसरीकडे गेल्या. माझाच मूर्खपणा.

एक गोष्ट राहिली. बळीराम मिस्त्री तिशीचा आहे, दंड असे की बाहीत मावत नाहीत. डबा उघडायच्या आधी त्यानं शटर उचलून पाहिलं. गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं. पुन्हा जोर लावला, तोंड लाल झालं, तरी वर जाईना. शेवटी सोडून दिलं आणि धापा टाकत विचारलं की काका, हे रोज कोन उचलते गा. शामलानं माझ्याकडे बोट दाखवलं.

रागव हवं तेवढं, माया तेवढी कमी करू नकोस.
तुझा
मारोती