भज्जीतला थोडा वेळ

आई,

यंदा येळवसला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, मी मामाच्या गावी गेले होते. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. एकवीस वर्षं मामा दरवर्षी फोन करायचा आणि मी दरवर्षी काही ना काही कारण सांगायचे, पेपर तपासायचे आहेत, पोरीची परीक्षा आहे. इथे नांदेडला त्या दिवशी सुट्टी नसते. तिकडे सगळं लातूर उठून शेतात जाऊन बसतं, बाजारात चिटपाखरू नसतं, आणि मी इथे कॉलेजात अकरावीच्या पोरांना समास शिकवत असते. पण यंदा फोनवर मामाचा आवाज थकलेला वाटला, म्हणून रजा टाकली आणि आदल्या दिवशीच निघाले. निलंगा सोडल्यावर एसटीत मागच्या बाकावरून कानडी ऐकू यायला लागलं. मी वळून पाहिलं. दोन अनोळखी बायका कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. किती वेळ मी नुसती ऐकत बसले, एक शब्द कळत नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीच्या चुलीपाशी एक गोष्ट झाली, ती तुला सांगायची आहे. पण ती कळण्यासाठी आधी वहीचं सांगावं लागेल.

माझं लग्न ठरल्यावर तीन दुपारी तू सांगितलंस आणि मी लिहिलं, ती निळ्या पुठ्ठ्याची वही. लातूरचं आपलं स्वयंपाकघर, निम्मी जागा पाण्याच्या ड्रमांनी अडवलेली, कारण नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी यायचा. मी ड्रमला पाठ टेकून बसले आहे, तू समोर सुपात काहीतरी निवडते आहेस. तुझ्या सांगण्याला क्रम नसायचा. तू फोडणीपासून सुरू करायचीस आणि अर्ध्यात आठवायचं की डाळ तर आधीच भिजायला पायजे होती. मी एम.ए. झालेली, मला सगळं ओळीत लावून हवं. तू म्हणायचीस, डाळीचा वास नाकात शिरला की बास. मी लिहायचे, 'डाळ मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजावी.' तुझ्या 'उलसं'चं मी 'थोडे' करायचे, 'लई न्हाई'चं 'बेताने'. तुझे हात चालू, माझं पेन चालू. सगळी वही तशी आहे. अक्षर सुरेख, समासाची रेघ आखलेली, आणि एकाही ओळीत तू ऐकू येत नाहीस.

ही माझी खोड त्याच्याही आधीची. मी नववीत असताना पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांची मुलगी माझी मैत्रीण झाली होती. ती एकदा घरी आली. तू चुलीपासून उठून हात पुसत बाहेर आलीस आणि तिला म्हणालीस, "उलसं येळ बस की माय, भजे काढायले." तिने भजी खाल्ली, आवडीने खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना 'उलसं येळ' करून दाखवलं. मी घरी येऊन दप्तर फेकलं. आई, येळ नाही म्हणायचं, वेळ म्हणायचं, व, असं मी तुला ओठ मुडपून दाखवलं. तू माझ्या ओठांकडे बघत राहिलीस आणि म्हणून पाहिलंस. मग तुला तो 'व' असा चिकटला की तो कुठे लावायचा आणि कुठे नाही हेच तुला कळेना. आठ दिवसांनी तू शेजारणीला सांगत होतीस की उद्या पाहुणे वेणार हायेत. मी हसले. फार हसले. त्यानंतर माझ्या मैत्रिणी आल्या की तू ताटली ठेवून आत जायचीस.

मला तेव्हा हे लक्षात घ्यायचं सुचलं नाही की तुझी शाळा कानडी होती, चौथीपर्यंतची, आणि देवनागरी तू माझ्याच पहिलीच्या पुस्तकावर शिकलीस. मी मोठ्याने वाचायचे आणि तू भाकरी थापता थापता कान द्यायचीस. नंतर दुपारी ते पुस्तक तुझ्या मांडीवर असायचं. आजीला, म्हणजे तुझ्या सासूला, कानडी चालायचं नाही. माझ्या घरात कालवाकालव नको, म्हणायची. म्हणून तू तुझे शब्द एकेक करून ठेवून दिलेस. मला आठवतो तो फक्त 'अव्वा'. तुझी आई वारल्याचा निरोप आला तेव्हा तू तो एकच शब्द कितीदा तरी म्हणालीस.

तिसऱ्या दुपारी येळवसची भज्जी सांगितलीस. तुझा चेहरा त्या दिवशी वेगळा होता. म्हणालीस, ही तुमच्या घरची न्हाई, ही माझ्या अव्वाची हाय, नीट लिव्ह. ओल्या हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणे, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, चुका, पातीचा कांदा, शेतात जे असेल ते सगळं. शिजलं की डाळीचं पीठ ताकात कालवून लावायचं. आणि मग तू जे म्हणालीस ते मला असं ऐकू आलं, "पीठ लावलं की उलसं येळ घाल, मग उतरव." वेळ घालतात असं मराठीत कुणी म्हणत नाही. मी तेही दुरुस्त केलं. 'पीठ लावल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा व मग खाली उतरवावे.'

तू वही मागून घेतलीस. बोट ठेवून वाचायची तुझी सवय. बोट त्या ओळीवर आलं आणि थांबलं. तू पुन्हा मागे जाऊन वाचलंस.

"असंच लिव्हतेत का गं?"

मी म्हणाले, "हो, असंच लिहितात." मला वाटलं तू माझ्या व्याकरणाचं कौतुक करते आहेस.

लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला मी माहेरी होते, आयती खायला. दुसऱ्या वर्षी तुला दवाखान्यात नेलेलं होतं. तिसऱ्या वर्षी तू नव्हतीस, आणि नांदेडच्या या तिसऱ्या मजल्यावर मी वही उघडून पहिल्यांदा भज्जी लावली. ती चुकली असं म्हणता येणार नाही. ह्यांनी दोनदा वाढून घेतली. पण तुझी नव्हती, मागून जो एक जाडसर खमंगपणा यायचा तो नव्हता. मी वही पुन्हा वाचली. थोडा वेळ म्हणजे किती? त्या वर्षी पाच मिनिटं थांबले होते, पुढच्या वर्षी दहा थांबले. एकदा गॅस अगदी बारीक करून अर्धा तास. पीठ आळून गोळा झाला, पातेलं लागलं. दरवर्षी पीठ लावलं की मी ओट्यापाशी स्टूल ओढून बसते आणि काही न करता थांबते. पोरगी लहानपणापासून हे बघत आली. भज्जी ध्यानाला बसली का, असं विचारते. आता ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे, पण त्या दिवशी सिटी बसने घरी येते आणि दारातूनच विचारते, उठली का ध्यानातून? मी वीसेक वर्षं तुझ्या भज्जीला वेळ देत आले, आणि मला वाटायचं की अजून माझं थांबणं कमी पडतंय.

आता मामीचं. सकाळी उठले तेव्हा तिच्या चुलीवर मोठं पातेलं होतं आणि घरभर चुक्याचा आंबट वास. तिची सून डाळीचं पीठ लावत होती. अंगणात मामा आंबिलाची बिंदगी पुसून ठेवत होता, डोक्यावरून शेतात न्यायची ती छोटी घागर. मी मामीच्या शेजारी पाटावर बसले. मामीचे गुडघे गेलेत, ती बसल्या जागेवरून राज्य करते. ती सुनेला म्हणाली, "येळ घाल की आता उलसं." तुझंच वाक्य, तसंच्या तसं. इतक्या वर्षांनी विचारायला कुणीतरी भेटलं होतं.

मी विचारलं, "मामी, किती वेळ?"

"मूठभर."

"नाही, म्हणजे किती वेळ ठेवायचं?"

"ठिवायचं कशाला? टाकायचं आन् हालवायचं." मामीने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय इचारायलीस तू?"

सुनेने फळीवरचा डबा काढला होता. त्यात भाजून कुटलेले तीळ. तिने मूठ भरून पातेल्यात सोडली आणि तो वास आला. मामी म्हणाली, येळ्ळ म्हणजे तीळ गं, कानडीत. मग तिला माझी फजिती कळली आणि ती पदर तोंडाला लावून हसली. "आगं मास्तरीण, एवढी बुकं वाचलीस आन् येळ्ळ कळंना तुला? संक्रांतीला काय वेळ वाटतीस का मग?" सूनही हसायला लागली, मीही हसले. अंगणातून मामा म्हणाला, तिची आई सासरी तीळच म्हणायची, हितं आली की मातर येळ्ळ. ते ऐकलं आणि मला पुढे हसता येईना. अव्वाची भज्जी सांगताना तू मनाने तिथे, त्या चुलीपाशी असणार. म्हणून तो शब्द आला. आणि समोर मी बसले होते, येळ दिसला की त्याचा वेळ करणारी.

परतीच्या एसटीत मी फक्त तुझ्या बोटाचा विचार करत होते. त्या ओळीवर ते थांबलं तेव्हा तुझ्या मनात काय होतं? तुला वाचता येत होतं. तिळाचं नाव त्यात नाही हे तुला दिसलं असणार. की तुला वाटलं, शिकलेली माणसं हे असंच लिहीत असतील, जसा येळचा वेळ होतो तसं काहीतरी? की तुला सगळं कळलं होतं आणि तू म्हणालीस, जाऊ दे, पुन्हा तोंड करेल? मला शेवटचं खरं वाटतं. कधी वाटतं, तू पुढच्या येळवसला शेजारी उभी राहून दाखवणार होतीस. तीळ हातात घेऊन, काही न बोलता. ते वर्ष आपल्याला मिळालं नाही.

मामीची भज्जी शेतात खाल्ली. कडबा उभा करून केलेल्या कोपीसमोर पंगत, उन्हात, बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांसोबत, आणि त्या हवेत कुणाच्याही हातचं गोडच लागलं असतं. मामीने विचारलं, तुझ्या आईवानी हाय का, आणि मी मान हलवली. पण मला खात्री करायची होती. म्हणून परवा रविवारी इथे घरी पुन्हा केली. सोलाणे अर्धापूर रोडवर मिळाले, तुरीच्या शेंगाही. तीळ भाजले, खलबत्त्यात कुटले, पीठ लावल्यावर मूठभर घातले आणि लगेच उतरवलं. थांबले नाही. पोरीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिला वहीतली ओळ दाखवली, सगळी गोष्ट सांगितली. तिला गंमत वाटली. तिने भाकरी मोडून घास घेतला, चावला, आणि जरा थांबून म्हणाली, "चांगली झाली. पण आई, ही आपली नाही लागत."

मी म्हणाले, असं नाही म्हणायचं, हीच खरी आहे, आजीची. तसाच आवाज होता माझा, नववीतला. तिने भाकरीचा पुढचा घास मोडला. ह्यांनी विषय बदलला. मी सगळ्यांना दुसऱ्यांदा वाढलं आणि सांगितलं की अगदी अशीच करायची आई, अगदी अशीच.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला वाचायला द्यायचं नाही, म्हणून तुला खरं लिहिते. पोरगी म्हणाली ते मला तिच्या आधी वाटलं होतं. स्वयंपाकघरात उभ्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि वाट पाहिली. मला तू आठवली नाहीस, आई.