शेवटची सोळा पानं

२६ एप्रिल २०२५, शनिवार

शेवटची सोळा पानं नाहीत! माझ्या पुस्तकात! एकाही प्रतीत नाहीत!

आत्ता खोकी उघडून एकेक प्रत काढून पाहिली. सगळ्या सारख्याच लंगड्या. एकशे शहात्तराव्या पानावर फौजदार सगळ्यांना कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसवतात आणि म्हणतात — 'शेटजींना मारणारा माणूस याच खोलीत बसला आहे. त्याचं नाव' — आणि यापुढे थेट मागचं कव्हर. त्यावर माझा फोटो. हसरा!

रहस्यकथा आहे बाप्पा! कविता असत्या तर एखादवेळ खपून गेलं असतं.

प्रकाशन होऊन आठवडा झाला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. प्रमुख पाहुणे माईकवर म्हणाले, 'कादंबरीचा शेवट वाचकाला अंतर्मुख करतो.' कोणता शेवट, सर? आणि आमचा नवरा, राजदीप! परवा जेवताना म्हणतो, 'शेवट त एक नंबर, दीपा!'

रडू येत होतं, मग हसू आलं. आता दोन्ही येऊन राह्यलं.

२७ एप्रिल, रविवार

लोहाऱ्याला छापखान्यात गेले. रविवार असून इंद्रजितभाऊ मशीनपाशीच होते. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांत छापतात, एका घडीला फॉर्मा म्हणतात. माझे बारा होते. बारावा छापायचा त्या दिवशी कोणाच्यातरी लग्नपत्रिकेचं अर्जंट काम मधे घुसलं आणि बारावा राहून गेला. बाइंडरनं अकराच शिवले, कव्हर चिकटवलं, मोकळा झाला.

मी लय तणतणले. भाऊ शांतपणे हात पुसत म्हणाले, 'कोनी बोल्लं काय ताई?'

'नाही.'

'एकबी फोन नाई?'

'नाही ना!'

'मंग कायले जीव जाळता? लग्नाचा सिझन होऊ द्या, फुकटात छापून देतो. चिकटवून टाकू.'

परत येताना स्कूटीवर भाऊंचंच बोलणं डोक्यात. एकही फोन नाही. म्हणजे एवढ्या लोकांनी प्रती नेल्या, फोटो काढले, स्टेटसला ठेवले — आणि शेवटपर्यंत कोणीच पोचलं नाही?

की पोचेल कोणी? कोण असेल तो?

२८ एप्रिल, सोमवार

राजदीपला विचारलं, 'खून कोणी केला सांग बरं.'

त्यानं पंख्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. 'मुनीम?'

'बाराव्या पानापुढं गेला होता का तू?'

'दिवसभर खांबावर चढून येतो वं. हाती पुस्तक घेतलं का डोळा लागते. पन सुरुवात मस्त हाये, देवाशपथ!' वायरमन माणूस, खोटं बोलला तरी चेहऱ्यावर लाईट लागतो. मग म्हणतो, 'सांग न, कोनं मारलं?' म्हटलं, वाच!

२९ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. कोणाला काही सांगायचं नाही. वाट पाहायची.

शाम सरांच्या क्लासमधलं ऑफिसचं काम सोडून मी वर्षभर घरी बसले ते या पुस्तकासाठी. सरांनी सांगून ठेवलंय, दिवाळीपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो, त्यानंतर दुसरी बाई पाहीन. मला लेखिका म्हणूनच जगायचं आहे, रिकाम्या वेळेतली हौस म्हणून नाही. पण लेखिका आहे की नाही हे ठरवायचं कोणी? शाल घालणाऱ्यांनी?

तर हीच परीक्षा. दिवाळीपर्यंत एका तरी अनोळखी माणसानं 'पुढं काय झालं?' विचारलं पाहिजे. नातेवाईक नको, मैत्रीण नको. अनोळखी! विचारलं तर दुसरं पुस्तक. नाही तर गुपचूप सरांच्या क्लासमध्ये पालकांना फोन लावत बसायचं.

भीती वाटते. पण त्याहून जास्त उत्सुकता आहे, खरं सांगते. एवढी उत्सुकता मला माझ्या कथेतल्या खुनाचीही नव्हती.

१८ मे, रविवार

एका बाईंचा मेसेज — 'एका बैठकीत वाचून काढलं! खिळवून ठेवलंत!'

मी — 'शेवट कसा वाटला?'

त्या — 'अप्रतिम 🙏'

११ जून, बुधवार

कोणीच नाही.

६ जुलै, रविवार

पुसदकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आले. पंधरा ऑगस्टच्या बक्षिसांसाठी एक गठ्ठा हवा. पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, उघडलं नाही.

'मुलांवर संस्कार होतील ना?'

म्हटलं, 'खून करू नये असं सांगितलंय.'

'वा, वा. द्या मग.'

त्यांच्या मोटरसायकलला गठ्ठा बांधून दिला तेव्हा आतून टोचलं. पोरांना अर्धं पुस्तक! बोलायला तोंड उघडलं होतं, पण परीक्षा मोडली असती. आई, म्हणजे सासूबाई, ओट्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, 'चांगला गिऱ्हाईक भेटला न, मंग तोंड काहून पाडलं?'

१७ ऑगस्ट, रविवार

राजदीप साठाव्या पानावर आहे. म्हणतो, मुनीम नसावा. मला तो इतका लाडका वाटला आज!

१४ सप्टेंबर, रविवार

फोन आला!!

नीट लिहिते. पुस्तकावर प्रकाशक म्हणून कोणाचं तरी नाव लागतं, म्हणून मी सासूबाईंच्या नावानं 'तुळसा प्रकाशन' घातलं होतं आणि खाली घरचा नंबर. तो मोबाईल आईंच्याच कमरेला असतो. दुपारी मी कपडे वाळत घालत होते. आई अंगणात येऊन म्हणाल्या, 'तुह्या पुस्तकाची तक्रार आली. सामान कमी निघालं म्हंते.'

'कोण?'

'कोनी बाई होय. मले म्हने, तुळसा प्रकाशन काय? मी म्हनलं, हाव, मीच तुळसा. त मलेच भांडून राह्यली! मी काय खाल्ले काय तिचे पानं?'

हातातली चादर तशीच बादलीत. फोन लावला. पुसदजवळच्या तांड्यावरची बबिता राठोड. भाचीला धावण्याच्या शर्यतीत हे पुस्तक बक्षीस मिळालं. भाचीनं ठेवून दिलं, बबितानं उचललं. ती मराठी वाचते आणि घरच्यांना गोर बोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, सांगते. सासरा, सासू, शेजारच्या दोघीतिघी. रोज जेवणं झाली की थोडं थोडं.

'ताई, असं कुठं असते काय? त्याचं नाव — आन् पुढं तुमचा फोटो! आमच्या बुड्याले वाटलं का तुमीच मारलं!'

मी तिथंच बादलीपाशी बसले.

'आता घरात लय भांडनं होऊन राह्यले. बुडा म्हंते मुनीम, मी म्हंतो शेटजीचा भाऊ. सांगा न, कोन होय?'

म्हटलं, 'फोनवर नाही सांगत. पानं घेऊन मीच येते.'

फोन ठेवला आणि आईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, 'अवो, सोड! वल्ली हायेस पुरी!'

विचारलं! अनोळखी बाईनं विचारलं! मी लेखिका आहे!

२८ सप्टेंबर, रविवार

आत्ता पुसदहून आले. पाय दुखतात, डोकं त्याहून जास्त. तरी आजचं आजच लिहायला हवं.

सोळा पानं कॉम्प्युटरवरून काढून नेली होती. तांड्यावर बबिता रस्त्यापर्यंत घ्यायला आली. वाटलं त्यापेक्षा लहान आहे, तिशीही नसेल. घरात सगळे जमलेलेच. सासरे लखीराम, सासू चंदाबाई. 'आव, बेस,' म्हणून चंदाबाईंनी जवळ बसवलं. चहा झाला आणि बबितानं पानं हातात घेतली.

मी माझी कादंबरी कधी ऐकली नव्हती. आणि तीही अशा बोलीत, जी मला निम्मीच कळते! मधेच 'कमल' ऐकू येई, 'गजू' ऐकू येई. मी नुसते चेहरे पाहत होते. कोण पुढं सरकलं, कोणी पदर तोंडाला लावला. लखीराम तंबाखू मळता मळता थांबले. एवढं सुख मला शालीत नव्हतं मिळालं.

मग फौजदारांनी नाव सांगितलं. कमल.

कमल म्हणजे जिनिंगच्या गेटवर चहाचं दुकान चालवणारी. तिनंच शेटजींना मारलं, आणि ड्रायव्हर गजूला तिच्याऐवजी कोठडीत बसू दिलं. माझा सगळ्यात मोठा धक्का! यासाठी तर सगळं पुस्तक रचलं.

बबितानं पानं खाली ठेवली. चंदाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, 'नाई.'

'काय नाही?'

'कमल नाई मारत. गजूले डबा नेऊन देते थे कोठडीत. मांगं भिताडाच्या आडोशाले बसून रडते. जिनं त्याले फसवलं थे कायले रडन?'

मी म्हटलं, 'ते नाटक होतं, मावशी. ती ढोंग करत होती.'

'कोनासाठी? तिथं त कोनी पाहत नोतं.'

मी खाली ठेवलेली पानं सरळ करू लागले.

'आमीच पाहत होतो,' चंदाबाई म्हणाल्या. 'मंग आमच्यासंगच नाटक केलं न तुमी.'

लखीराम म्हणाले, 'जाऊ दे, पावनी हाये.' बबिता ओशाळली, मग जेवताना माझ्या ताटात अजून एक भाकर वाढली. चंदाबाई रागावल्या नव्हत्या. वाईट वाटलं होतं त्यांना, कमलसाठी. निघताना माझ्या हाताला धरून म्हणाल्या, 'बाकी लय झ्याक लिवलं. पन पोरीवर आळ घेतला.'

बसमध्ये दिग्रसपर्यंत रागात होते. कादंबरी म्हणजे काय हे यांना काय कळतं, आयुष्यात पहिलं पुस्तक ऐकलं आणि लागल्या मला शिकवायला! दारव्ह्याला बस थांबली, मी पिशवीतून प्रत काढली आणि भिंतीच्या आडोशाचं ते पान वाचलं. मीच लिहिलंय. कमल खरंच रडते तिथं. लिहिताना मीही रडले होते.

मग खुनी तिला का केलं? कोणाला संशय येणार नाही म्हणून. बस, एवढ्यासाठी. लाज वाटली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

नागपूरला दीक्षाभूमीवर. पुस्तकं नेलीच नाहीत. वर्षभर मनात होतं की आज इथं चादर अंथरून बसायचं, आपलं पुस्तक आपल्या हातानं विकायचं. दुसऱ्यांची दुकानं पाहत फिरले. लोक थैल्या भरभरून पुस्तकं नेत होते. एक बाई उभ्या उभ्या मान खाली घालून वाचत होती, गर्दीचे धक्के खात. आता मला अशा बाईची भीती वाटते.

१२ ऑक्टोबर, रविवार

इंद्रजितभाऊंनी बारावा फॉर्मा छापून पाठवला. गठ्ठा दारात. 'आता चिकटवून टाका ताई, टेन्शन खतम!'

दोरीही सोडली नाही.

राजदीपनं पुस्तक संपवलं — म्हणजे जितकं आहे तितकं. सगळं त्याला सांगितलं, तांडा, चंदाबाई, भिंतीचा आडोसा. तो म्हणाला, 'मलेबी पटत नाई कमल. पन तू परीक्षा पास झाली न? फोन त आला. मंग कायले रडून राह्यली?'

हेच तर मला कळत नाही. वाचक मिळाला आणि त्याला द्यायला माझ्याकडे शेवटच नाही! आधी शेवट होता, वाचक नव्हता.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीही झाली. शाम सरांचा फोन — सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी, तीन तारखेला या. नाही तर दुसऱ्या बाईला सांगतो.

मुनिमाला खुनी करून पाहिलं. खोटं वाटतं. भावाला केलं, तो त्या रात्री नागपुरात होता, मीच पाठवला होता. सारखं वाटतं की मी कोणालातरी पकडायला धावते आहे, आणि ते सगळे माझ्याकडे टक लावून बघताहेत. आई म्हणतात, 'जेवते का नाई? का थ्या मुडद्यासंगच बसते दिवसभर?'

२ नोव्हेंबर, रविवार

उद्यासाठी साडी इस्त्री करून ठेवली. राजदीपनं पाहिली.

३ नोव्हेंबर, सोमवार

सरांना 'येत नाही' म्हणून कळवलं. फोन ठेवते न ठेवते तोच आई आपला मोबाईल घेऊन आल्या — 'तुह्या तक्रारवालीचा.' बबिता विचारत होती, 'ताई, कमल सुटली का? मंग मारलं कोनं?' मी म्हटलं, 'खरं सांगू? मलेच माहीत नाही.' मागं वळून तिनं ओरडून सांगितलं. तिकडून चंदाबाईंचा आवाज आला, बबितानं मराठीत करून दिला (सासूला ती याडी म्हणते, म्हणजे आई) — 'याडी म्हंते, तुमाले माहीत नाई, आमाले माहीत नाई, मंग इकडंच या न. बसून पाहू कोन होय थो.'

दुपारची पुसद बस आहे.