पेटीला फुल वेल्डिंग

४ मार्च
नवऱ्याला घराबाहेर काढलं. माझ्या गॅरेजचा कॉम्प्रेसर त्याने परस्पर विकला, वर माझ्या नावावर कर्ज काढलं. आता दारात दिसला तर तंगडं मोडून हातात देणार. ट्रायल म्हणून त्याची खुर्ची मोडली. खुर्ची माझ्याच पैशांची होती, हे नंतर आठवलं.

५ मार्च
गाडीच्या दाराचा डेंट काढायचा होता. त्या डेंटमध्ये मेल्याचं थोबाड दिसलं. घातला हातोडा! एकाचे चार डेंट झाले. कस्टमर बोंबलला. म्हटलं, चारांचे नको, एकाचेच पैसे द्या. मी किती शांत राहू शकते!

९ मार्च
ताई म्हणते, उरलेले पैसे तरी बँकेत ठेव. बँकेचा पिन त्याला पाठ आहे, मला नाही. म्हणून लोखंडी पेटीत नोटा कोंबल्या आणि झाकणाला चारी बाजूंनी फुल वेल्डिंग मारलं. याला म्हणतात बाउंड्री. जरा जळका वास आला. रंगाचा असणार.

१४ मार्च, सकाळी
आला. रडला. म्हणे, मी बदललोय. पाना फेकून मारला. नेम चुकला, खिडकी फुटली. निर्धार शाबूत आहे.

संध्याकाळी
काचा त्यानेच गोळा केल्या. बोट कापलं बिचाऱ्याचं. पट्टी बांधली, जेवायला वाढलं. विश्वास मात्र वाढलेला नाही.

२० मार्च
नियम ठणकावून सांगितले. पैशांना हात लावायचा नाही, माझी सही करायची नाही, सोफ्यावर झोपायचं. सगळं कबूल. सोफ्याने त्याची पाठ धरते, म्हणून तेवढा एक नियम ढिला केला.

२५ मार्च
त्याला नव्या नोकरीचं डिपॉझिट भरायचंय. ताई फोनवर ओरडली, अगं, नोकरी पगार देते, डिपॉझिट मागत नाही! फोन भिंतीवर आपटला. तिला माणसं कळतच नाहीत. थोडेच देणार. हातउसने. शेवटचे.

२६ मार्च
नोटांना आच लागू नये म्हणून गॅस कटर टाळला, ग्राइंडरने पेटी कापली. मी काही खुळी नाही. झाकण पडलं. आत राख. वेल्डिंग मारलं त्याच दिवशी सगळं जळून गेलं होतं. ओक्साबोक्शी रडले. त्याने स्क्रू ड्रायव्हरने राख ढवळून पाहिली, एक शब्द बोलला नाही. माझं दुःख त्याला न बोलता कळतं.

२७ मार्च
उठले तर तो नाही. ग्राइंडरही नाही. डिस्क झिजली, असं काल मीच म्हणाले होते. बदलून आणायला गेला असणार.
वेल्डिंग मशीनही दिसत नाही. मशीनला काय झालं होतं, तो आला की विचारते.