दरीपलीकडची डहाळी

वरची झोपडी, एंगाडिन खोरं
१७ सप्टेंबर

प्रिय तुमाश,

ताईचा आशीर्वाद. फोन केला की तू कामात असतोस, म्हणून लिहितेय. पत्राला 'नंतर बोलू' म्हणता येत नाही.

आम्ही दोघं मजेत आहोत. शिकारीचा हंगाम, सगळं गाव डोंगरात. पाववाल्यानेसुद्धा दुकान बंद करून बंदूक उचललीय. इथे रोज बार्लीचं सूप, सुकं मांस आणि तुझ्या दाजींची कुरकुर. तब्येत ठीक आहे त्यांची. कॉफी मी अर्धाच कप देते, एवढंच. सदऱ्याची बटणंही हल्ली मीच लावते. "म्हातारपणी नवरदेवाचे लाड चाललेत," म्हणतात.

मंगळवारी दरीपलीकडच्या उतारावर हरणाचा मोठा नर आला. शिंगं बघून तू वेडा झाला असतास. हे खडकाआड पालथे पडून होते, मी झोपडीतून दुर्बिणीने बघत होते. पूर्वी दरी उतरून पलीकडे चढले असते, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडली नसती. या वेळी अलीकडूनच नेम धरला. ज्या लांबच्या गोळीवरून सहा वर्षांपूर्वी यांनी तुला या झोपडीतून हाकललं, तीच आता हे झाडणार? तुझी गोळी त्या हरणाच्या पोटात बसली होती आणि हे दोन दिवस बर्फात रक्ताचे थेंब शोधत फिरले होते. मी विसरले नाही. तूही विसरला नसशील.

बंदूक वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. नर निवांत चरला आणि निघून गेला.

"वारा फिरला," संध्याकाळी म्हणाले. दोरीवरचा टॉवेल दिवसभर हललाही नव्हता.

जाऊ दे, लिहूनच टाकते. हात कापतात रे त्यांचे. डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार.

काल हे बंदूक न घेताच निघाले. वळसा घालून, नर उभा होता तिथे पोचले. पाइनची डहाळी तोडली, टोपी काढली आणि डहाळी गवतावर ठेवली. पडलेल्या हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवतो ना आपण, तशी. तिथे हरीण नव्हतं, तुमाश. दुर्बिणीतून बघताना मला रडू आवरेना.

हे परत आले ते हसतच. "तुझ्या भावाने इथूनच धडाधड बार काढले असते."

"मग शिकवायचं होतंत."

"शिकवलं असतं. रुसून बसला गाढव!"

"हाकललं कुणी?"

त्यावर सूपमध्ये चमचा फिरवत बसले. ते पार गार होईपर्यंत.

हंगाम महिनाअखेरपर्यंत आहे, आणि तो नर रोज येतो. ये. दरी मात्र पायी उतरावी लागेल. दाजी खडकावर बसून पाय कुठे टाकायचा ते सांगतील, वर शिव्याही घालतील. ती तुझी बंदुकीवरची भलीमोठी दुर्बीण घरीच ठेव.

तुला लिहितेय हे त्यांना सांगितलेलं नाही. पण आज सकाळी उठले तर कुंपणावर तुझी जुनी घोंगडी उन्हात घातलेली. मी नव्हती घातली.

तुझी ताई बार्ला,
आणि विचारलं तर 'छे, मी कुठे वाट बघतोय' म्हणतील असे तुझे दाजी