टेम्पो सेल्फ घेईना

५ ऑक्टोबर १९७५, रविवार. आकुर्डी.
टेम्पो रंगवायला काढला. दरसाल दसऱ्याआधी वरवर हात फिरवतो, ह्या खेपेला पुरता. बॅटरी उतरवली, तिच्या पट्ट्या सोडल्या, सांगाडा खरवडला आणि वर हिरवा ऑइलपेंट, दोन हात. बोल्टांची भोकंसुद्धा सोडली नाहीत. कमलला हिरवा आवडतो. ती बघायला इथं नाही, ही गोष्ट वेगळी.
आषाढात आईचं दुखणं काढायला म्हणून चाकणला गेली. आई उठून हिंडायला लागली, ही काही आली नाही. जाताना म्हणाली होती, "तुमचं लगीन टेम्पोसंगं लागलंय. मी आपली करवली." पोरगी सासरी, बायको माहेरी. घर खायला उठतं. म्हणून रंग.

७ ऑक्टो., मंगळ.
दत्तू, माझा मेहुणा, कांद्याच्या ट्रकवर बसून आला. उभ्या उभ्याच बोलला, "दाजी, दसऱ्याला न्यायला या. ती यायला तयार हाय. पन ह्या बारीला न्हाई आला, तर मी तिला जा म्हननार न्हाई. मार्केटात कांदा निवडायचं काम लागलंय तिला. तिचं बरं चाललंय."
बरं चाललंय! मग माझं काय वाईट चाललंय?
वाईटच चाललंय. पण दत्तूला कशाला सांगा.
जाणार. रंग वाळू दे.

९ ऑक्टो., गुरु.
बॅटरी बसवली, पट्ट्या आवळल्या. सेल्फ मारला. टक्. परत मारला. टक्. इंजिन हललंसुद्धा नाही. दिवे मिणमिण, भोंगा बसल्या घशाचा. रंगवायच्या आधी एका हाकेला ओ देणारी गाडी! बॅटरी बसली असणार, दुसरं काय.

१० ऑक्टो., शुक्र.
बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून बशीरभाईकडं नेली. चिंचवड स्टेशनाजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. त्यानं तपासली. "बॅटरी तो पहलवान है, राव. सेल्फ के ब्रश देख." म्हटलं, घरी येऊन बघ. तर म्हणे दसऱ्याची गर्दी, दुकान सोडून हलता येत नाही.

१२ ऑक्टो., रवि.
सेल्फ खोलला. ब्रश झिजले होते खरे. नवे घातले, आत पुसून काढलं, बसवला.
टक्.
तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. शेजारची पारूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणते, "त्याला रं कशाला शिव्या घालतोस? बायकूला आनाया यष्टीनं जा की."
यष्टीनं! लग्नाला एवढी वर्षं झाली, टेम्पो घेतल्यापासून सासुरवाडीला कधी यष्टीनं गेलो नाही. 'टेम्पोवाला जावई' म्हणतात तिथं मला. आणि आता रुसलेली बायको आणायला पिशवी घेऊन चालत दत्तूच्या दारात उभा राहू? नाकच कापलं जायचं. म्हातारीला काय कळतंय.

१३ ऑक्टो., सोम. खंडेनवमी.
पाने, पक्कड, हातोडी धुऊन पाटावर मांडली. हळदकुंकू मीच वाहिलं. हे तिचं काम. कुंकू फार सांडलं. टेम्पोला हार घातला, नारळ फोडला. पूजेनंतर गाडी चालू करून भोंगा वाजवायचा, ही आमच्या आळीची रीत. सगळे जमले होते. टक्. कुणीतरी फिस्सकन हसलं. हार तसाच ठेवून घरात आलो.

१४ ऑक्टो., मंगळ. दसरा.
सकाळी चौघांनी ढकलून दिला. उतारावर एकदोनदा खोकला नि गप्प.
दुपारी धुवट कपडे घालून चाकणच्या यष्टीच्या थांब्यावर गेलो. एक गाडी आली, सोडली. दुसरी आली, दांडीला हात घातला होता. सोडली. परत आलो.
लोक सोनं द्यायला येत होते. दार लावून बसलो. ती नवं लुगडं नेसली असेल. रस्त्याकडं बघत असेल, कुणाला दाखवणार नाही पण बघत असेल. चूल पेटवली नाही. फार एकटं वाटलं आज.

१६ ऑक्टो., गुरु.
चाकणहून काही नाही. दत्तू भांडायला तरी येईल वाटलं होतं. भांडायलाही कुणी येत नाही म्हणजे झालंच की सगळं.

१७ ऑक्टो., शुक्र.
सापडलं!
कुढत बसण्यापेक्षा म्हणून जाड केबलचा तुकडा घेतला. बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापासून थेट इंजिनाला धरायचा, बघू तरी काय होतं. पण दोन्ही हात केबलला, मग किल्ली फिरवणार कोण? अशा वेळी कमल असायची. "मारू का?" असं तीनतीनदा विचारायची नि मी खेकसायचो. शेवटी पारूबाईला सीटवर बसवली. "मला कुटं घिऊन जाईल रं ह्ये?" म्हणत तिनं किल्ली फिरवली. टेम्पो धडाडून चालू! म्हातारी किंचाळत उतरली, माझ्या सात पिढ्या उद्धरल्या.
बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथं सांगाड्याला बसते, तिथं मीच रंग दिलाय. दोन हात! रंगातून करंट जाईल कसा? तिथं उघडं लोखंड लागतं, हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? तिला आवडतो म्हणून दिला, आणि तिच्याकडं जायची वाट त्यानंच अडवली. पट्टीपुरता रंग पत्र्यानं खरवडून टाकला.

१८ ऑक्टो., शनि.
गेलो नाही. भ्यालो. भोसरीच्या फाउंड्रीचा माल साठला होता, दिवसभर खेपा मारल्या. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "रंग झकास हां, भाऊ."

१९ ऑक्टो., रवि. चाकण.
दारात उभा केला. इंजिन चालूच ठेवलं, न जाणो. कमल बाहेर आली. उन्हानं रापलीय. टेम्पोकडं बघून म्हणाली, "दसरा मंगळवारी झाला."
मी सेल्फ, ब्रश, पट्टी, रंग, सगळं ओरडून सांगत सुटलो. तिनं ऐकून घेतलं.
"यष्टी बंद व्हत्या का?"
"थांब्यापातुर आलो व्हतो. दोन गाड्या सोडल्या. लाज वाटली."
तिनं टेम्पोकडं हात केला. मग म्हणाली, "आदी ते बंद करा. जलमभर चालू गाडीम्होरं बोललोय आपन. मला निम्मं ऐकूच येत न्हाई."
बंद केलं. मग बोलायला काही सुचेना. तिलाही. आत जाऊन तिनं ताट वाढलं. दत्तू माझ्याशी बोलला नाही, पण अंथरूण त्यानंच टाकलं.

२० ऑक्टो., सोम. चाकण.
सकाळी निघायचं म्हणून उठलो. गाडीला किल्ली नाही. कमल डोक्याला फडकं बांधून कामावर निघाली होती.
"किल्ली माज्यापाशी हाय." कनवटीला खोचलेली दाखवली.
"अगं, भोसरीचा माल..."
"ऱ्हाऊ द्या की एक दिस. सांजच्याला येते मी. बसू, बोलू. मग ठरवू, कोन कुनासंगं कुटं जातंय."
आणि गेली, बायांच्या घोळक्यातून, मागं न बघता. येते म्हणजे इथं येते, की माझ्याबरोबर येते, विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.
वही पिशवीत होती म्हणून ओसरीवर बसून लिहितोय. आतून सासूबाई विचारतायत, "च्या घेता का?" घेतो म्हटलं. बसलोय.