ओट्यावर आणलेली तार

मळ्यातलं घर, शिंदखेडा
१२ एप्रिल २०२५

ती. दिपमालाअक्का,

नमस्कार. सकाळी जळगावहून इथे पोचले. दुपारी मोटारखोलीतलं काम केलं. यंत्र सुरू झालं. संध्याकाळी पपईला पाणी दिलं. ऊन फार आहे. आईंची तब्येत ठीक आहे. तुमच्या भूमिकाची परीक्षा चांगली गेली असेल.

फोन केला असता, पण या घरात काहीही बोललं की तुमच्या आईंना ऐकू जातं. उद्या गावातला अमृत गाडी घेऊन धुळ्याला मार्केटला येतो आहे, त्याच्याजवळ पत्र देते.

काम काय होतं ते आधी सांगते. मोटारखोलीतली लहान काळी पेटी म्हणजे संगणकच आहे. मोटर आणि ठिबकचे वॉल्व्ह तोच चालवतो. प्रेमराजने बसवल्यापासून सगळं फोनवरून चालायचं, कोणाला त्या खोलीत जावं लागत नसे. पण त्या दिवशी त्याला सोडवायला मेन स्विच पाडला तेव्हापासून पेटी फोनला उत्तर देत नव्हती. असं अडलं की का अडलं ते ती स्क्रीनवर सांगते. त्यासाठी स्क्रीन आत नेऊन जोडावी लागते.

त्या दिवशीही ती अशीच अडली होती आणि तुमचा भाऊ तेच करत होता.

स्क्रीन न लावता तिचं म्हणणं वाचायची दुसरी सोय आहे. पेटीला मागे जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट, म्हणजे साधी तार जोडायची जागा, आहे. पडद्यावर लिहायचं ते या तारेवर लिही आणि तारेवरून येतील ते हुकूम ऐक, असं एकदा तिला सांगून ठेवलं की तार नेऊ तिथे बसून काम होतं. तौफिक वायरमनने पेटीतलं मेमरी कार्ड काढून पाठवलं होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्यातल्या दोन फाइलींत तेवढं लिहिलं. सोपं आहे. तरी प्रत्येक ओळ तीनदा तपासली.

कारण तार ही तारच. त्या दिवशी स्क्रीनच्या पत्र्यात उतरला तसा करंट पेटीत उतरला, तर तो तारेतून माझ्यापर्यंत येणार. म्हणून मधे घालायची एक डबी मागवली. तिच्यात दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या नसतात, निरोप फक्त उजेडाने पलीकडे जातो. हे मला माहीत आहे. माहीत असून भीती गेली नाही.

तौफिक आधीच येऊन थांबला होता. म्हणाला, "भाभी, अर्थिंग नवी टाकली. टेस्टर तुमच्या हाताने लावून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. पण ते पाणी हलवा आधी. मावशीला सांगून थकलो. मला म्हणतात, तू तुझी पक्कड सांभाळ."

अक्का, त्या पाण्याचं लिहायला हवं.

आई रोज पहाटे मोटारखोलीची फरशी धुतात. प्रेमराज पडला त्या जागी, पॅनलच्या खाली, दिवा लावतात आणि तांब्याभर पाणी ठेवतात. दाराबाहेर चपला काढून, ओल्या फरशीवरून अनवाणी आत जातात. मी चपला घालून निघाले तर दारात उभ्या राहिल्या.

"चपला काढीसन जाय. आठे मना पोर्‍या शे."

"आई, त्याची जागा आहे हे कळतं, पण खाली ओल आहे. रबरी चपला असू द्या."

"मी रोज जास. माले काय व्हयनं?"

तौफिकने मेन पाडला. मी चपलांसकट आत गेले. आईंनी तोंड फिरवलं. कार्ड बसवलं, तारेचे स्क्रू आवळले, तार खिडकीतून बाहेर काढली आणि ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. मेन चालू झाल्यावर पडद्यावर नुसता कचरा आला, प्रश्नचिन्हं आणि तुटकी अक्षरं. वाटलं, मी पेटी मारली. मग लक्षात आलं, दोन्हीकडचा अक्षरं पाठवायचा वेग जुळत नव्हता. माझ्याकडचा बदलला तशा ओळी येऊ लागल्या, साध्या, वाचता येतील अशा. वीज अचानक गेल्याने फाइली बिघडल्या होत्या आणि पेटी हुकमाची वाट बघत थांबली होती. तेव्हापासून तशीच. मी दुरुस्तीचा हुकूम दिला, ती परत सुरू झाली आणि माझं नाव विचारलं. खोलीपासून दहा पावलं लांब होते, तरी एंटर दाबताना दर वेळी डोळे मिटत होते.

आता कोणालाही आत जायची गरज नाही. आईंना तेच सांगितलं. दिवा ओट्यावर लावू, पाणीही ओट्यावरच ठेवू. तिथे ओल्या पायांनी गेलात तर तुम्हालाही धक्का बसेल, असं स्पष्ट बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

त्या म्हणाल्या, "माले मालूम शे."

वर तब्येत ठीक आहे असं लिहिलं ते खोटं नाही. खातात, चालतात, शेजारच्या ताजबीशी बोलतात. पण अक्का, त्यांना माहीत होतं आणि त्या रोज जात होत्या. मी जळगावात कार्डावर ओळी लिहीत बसले होते तेव्हाही.

तुम्ही मला धुळ्याला यायला सांगता. मी ठीक आहे. तुम्ही इथे या. मी सून आहे, माझ्या बोलण्याला किती वजन ते तुम्ही जाणता. लेकीचं त्या ऐकतील. खोलीला मी न विचारता कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला आहे. उद्या पहाटे त्या दाराशी येतील तेव्हा काय बोलू, मला सुचत नाही. अमृत परत निघेल त्याच गाडीने निघा.

आईंनी आज जेवायचं नाही म्हणून सांगितलं आहे आणि आतलं दार लावून घेतलं आहे. मला आतून त्यांची हालचाल ऐकू येते, तेवढा धीर आहे. तवा तापला आहे. माझ्यापुरती एक भाकरी थापते.

तुमची वाट बघणारी,
ज्योती