सव्वासाताची खूण

सोमवार, २ तारीख
नव्या घरात सामान लागलं एकदाचं. चौथा मजला, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. पण खिडकी उघडली की समोर पाण्याची टाकी आणि टाकीवरून उतरणारी विमानं. त्यासाठीच तर इथं आले. लेक सहवैमानिक झाली आहे. सोमवारी आणि गुरुवारी सव्वासातला तिचं विमान इथूनच धावपट्टीकडे जातं. घर दाखवणारा म्हणाला, बाई, लोक या आवाजाला कंटाळून पळतात आणि तुम्ही तो ऐकायला येताय!
ह्यांच्या पुस्तकांची खोकी तेवढी राहिली. सुतळीला गाठी त्यांच्या हातच्या. सोडवत नाहीत.

गुरुवार, ५ तारीख
एक खोकं सोडलंच. आत ह्यांचा तारे दाखवायचा लेझर निघाला, पेनाएवढा. शाळेच्या मैदानावर त्या हिरव्या रेघेनं ते मुलांना आकाश शिकवायचे. लेक तेव्हा त्यांच्या खांद्यावर असायची.
संध्याकाळी गच्चीवर गेले. टाकीवर तिचं विमान दिसलं तशी रेघ त्याच्या नाकावर धरली आणि तीनदा हलवली. बाबांची रेघ, ओळखेल पोरगी. तळमजल्यावरचे शिंपीकाका वाळलेले कपडे काढत होते. म्हणाले, वहिनी, या वयात विमानाला डोळा मारताय की काय! माझी लेक असते त्यात, मी म्हणाले आणि फार दिवसांनी हसले.

सोमवार, ९ तारीख
शिंपीकाकांच्या पोटात काही राहत नाही. आज बेकरीवाला आणि त्याची सासूसुद्धा गच्चीवर हजर. दोघांनी बाजारातल्या हातगाडीवरून तसलेच लेझर आणलेले. सासूबाई म्हणाल्या, जावयानं आयुष्यात पहिल्यांदा कामाची वस्तू घेतली. विमान आलं तसे सगळे ओरडले, आपली लेक आली! तिचा वाढदिवस कधी, असं काकांनी विचारलं. गुरुवारी, मी सांगितलं.
रात्री ह्यांच्या फोटोला सगळं सांगितलं.

मंगळवार, १० तारीख
लेकीचा फोन आला. उतरताना खालून कुणीतरी हिरवा झोत मारतं, म्हणाली. खाली रेघ दिसते ती वर जाईतो फुगते, काचेवर पसरते, सगळी काच हिरवी होते. मग डोळ्यांपुढे काळा डाग. धावपट्टीचे दिवेच दिसत नाहीत. काल कॅप्टनला काही क्षण काहीच दिसेना. मग लेकीनंच विमान उतरवलं, पण अर्धं चाचपडतच. मागे दीडशे माणसं.
आई, तू तिथंच राहतेस, कोण हरामखोर आहे ते दिसलं तर सांग, म्हणाली.
मी हो म्हणाले.

बुधवार, ११ तारीख
वाचनालयात बसून मिळेल ते वाचलं. लेक म्हणाली त्यातलं काही खोटं नाही. लेझर फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसला.
शिंपीकाकांना खरं सांगायला जिना उतरले. मशीन थांबवून त्यांनी वर पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, गच्ची गळते, उद्यापासून कुलूप लावणार. गळती नाही, काही नाही. पण खरं बोलले असते तर ते लेकीच्या कानावर गेलं असतं. आईनंच केलं, असं तिला कळलं असतं.
काका हसले. काळजी नको वहिनी, म्हणाले.

गुरुवार, १२ तारीख
साडेसहा. गच्चीला कुलूप. किल्ली माझ्या मुठीत. खिडकीशी बसले आहे. आज विमान लेकच उतरवणार आहे. दुपारी फोनवर म्हणाली, कॅप्टनकडून वाढदिवसाची भेट समज. आता ती हवेत, फोन बंद.

सात. खालून मशीनचा आवाज नाही. बेकरीचं दार ओढलेलं. इतकं शांत कसं —

सात दहा. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर माणसं. शिंपीकाका. बेकरीवाला, सासूबाई. अजून पंधरा-वीस जण, ओळखीचे ना पाळखीचे. काका मला हात करतायत. सगळ्यांच्या हातात —

ओरडले. नको, नको म्हणून ओरडले. त्यांना वाटलं आनंदानं. तेही ओरडले. आपली लेक —

जिना उतरून, रस्ता ओलांडून, पुन्हा चढून — नाही पोचणार मी

टाकीवर दिवा.

एक रेघ. चार. सगळ्या. तीनदा हलवतायत, मी हलवली तश्शीच —

विमान कललं

पोरी, डोळे मीट — नाही, नको, मिटू नकोस, उघडे ठे